शुक्रवारचा पूर, परीक्षणातले आकडे आणि मधलं हळकुंड

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका श्रोत्याने विचारलंय: "पूर्वी महिन्याला दोन कॅसेटी घ्यायचो आणि दोन्ही पाठ व्हायच्या. आता दर शुक्रवारी ढिगाने अल्बम येतात. काय आलं तेच कळत नाही. कळलं तर परीक्षण वाचतो, त्यात 10 पैकी 8.5 असतात आणि मला तिसऱ्या गाण्याला जांभया. गेल्या महिन्यात तर परीक्षण वाचून अडीच हजारांची एलपी तबकडी मागवली, तीही फसली. नवं संगीत हाताशी ठेवायचं कसं, आणि भरवसा ठेवायचा कुणावर?"

इथे तीन कामांचा गुंता झालाय. काय आलं ते कळणं हे कारकुनी काम, ते यंत्रावर टाकावं. आलेल्यातलं काय ऐकायला घ्यायचं हे निवडीचं काम, तिथे परीक्षण उपयोगी पडतं. आवडलं की नाही, हे मात्र फक्त तुमच्या कानाचं काम. तुम्ही परीक्षणाला तिसऱ्या कामाला जुंपताय आणि ते तिथे चालत नाही. मी परीक्षण पंचनामा म्हणून वाचतो. निकाल शेवटी ऐकणाऱ्यानेच द्यायचा असतो.

दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी ठरवा. आठवड्याला सलग ऐकायला वेळ किती? स्वयंपाक करताना किंवा गाडी चालवताना कानावर पडतं ते यात धरू नका. आणि ऐकता काय? इंग्रजी अल्बम, मराठी-हिंदी चित्रपटसंगीत आणि ख्याल यांच्या प्रकाशनाच्या तऱ्हा इतक्या निराळ्या आहेत की तिन्हींना एकच उपाय लागू होत नाही.

इंग्रजी आणि स्वतंत्र कलाकारांचं गणित सोपं आहे. 10 जुलै 2015 पासून जगभरात नवे अल्बम शुक्रवारी येतात, त्याआधी देशागणिक वार वेगळा होता. बहुतेक अल्बम त्या त्या देशातल्या मध्यरात्री उघडतात, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी रात्री बारानंतर. न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीची वेळ लावलेली असेल, तर तिथल्या उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजतात. त्यामुळे रात्री दिसलं नाही म्हणून शोधत बसू नका.

स्पॉटिफायवर शुक्रवारी ताजी होणारी 'रिलीज रडार' यादी बहुतेकांना पुरेशी वाटते. ती पुरेशी नाही. एका कलाकाराचं आठवड्याला एकच गाणं ती दाखवते, त्यामुळे अख्खा अल्बम आला की एकच गाणं आलं हे तिथे कळत नाही. शिवाय कलाकाराने किंवा त्याच्या लेबलने, म्हणजे संगीत कंपनीने, गाणं किमान 7 दिवस आधी स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवलं, तरच ते फॉलो करणाऱ्यांच्या रडारवर वेळेत येण्याची हमी असते. आपल्याकडचे छोटे कलाकार हे हमखास विसरतात. म्हणून ॲपमधलं 'व्हॉट्स न्यू' बघा. तिथे फॉलो केलेल्यांचं नवं प्रकाशन सरळ तारखेनुसार दिसतं. सोमवारची 'डिस्कव्हर वीकली' अनोळखी नावांसाठी ठीक आहे. रेडिओ, ऑटोप्ले आणि मिक्स यांत जे आपोआप वाजतं, त्यात मात्र 'डिस्कव्हरी मोड' नावाची सोय असते. कलाकार किंवा लेबल कमी मानधन पत्करून आपलं गाणं तिथे पुढे सरकवून घेऊ शकतं. पुढे सरकलेलं गाणं वाईट असतं असं नाही, पण 'यंत्राने माझी आवड ओळखली' असं समजू नका.

एकाच कंपनीवर विसंबायचं नसेल तर म्युस्पी ही मोफत सोय आहे. कलाकारांची नावं एकदा भरायची, नवं काही नोंदलं गेलं की ईमेल येतो. तिची माहिती 'म्युझिकब्रेन्झ' नावाच्या, लोकांनीच भरलेल्या कोशातून येते, त्यामुळे परदेशी नावं चटकन सापडतात, मराठी नावं अर्धीमुर्धी. कलाकार स्वतःच आपलं संगीत विकतात त्या बँडकॅम्पवर कलाकाराला फॉलो केलं की थेट ईमेल येतो, आणि स्वतंत्र संगीतासाठी याहून भरवशाचं काही नाही.

चित्रपटसंगीताला शुक्रवारचा नियम नाही. गाणी एकेक करून यूट्यूबवर येतात आणि शेवटी सगळी मिळून 'ज्यूकबॉक्स'. इथे फॉलो कुणाला करायचं हीच मेख आहे. तेच गाणं कुठे संगीतकाराच्या नावावर चढवलेलं असतं, कुठे गायकाच्या, आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग दर वेळी वेगळं. गायकाला फॉलो केलंत तर वर्षभर रिमिक्स आणि जाहिरातींची जिंगल्स झेलाल. संगीतकार आणि गीतकार यांना फॉलो करा. लेबलच्या यूट्यूब वाहिनीची घंटा मात्र दाबू नका, टीझर आणि 'लिरिकल व्हिडिओ' यांचा मारा होईल. आठवड्यातून एकदा वाहिनीच्या 'प्लेलिस्ट' भागात जाऊन यायचं, बस्स.

शास्त्रीय संगीतात अडचण वेगळीच आहे. तिथलं 'नवं' बऱ्याचदा नवं नसतं. मिरजेचेच उदाहरण घ्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले, पण त्यांच्या तबकड्या आजही निरनिराळ्या लेबलांखाली ताज्या तारखेने 'नवीन अल्बम' होऊन यादीत उगवतात. पानावरची तारीख ही डिजिटल प्रकाशनाची असते. अल्बमच्या पानाच्या तळाशी वर्तुळातला 'पी' असतो, तो ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं वर्ष सांगतो. तोही पुन:प्रकाशनाच्या वेळी कधी बदललेला असतो, पण तारखेपेक्षा बरा. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत आणखी एक गंमत. त्या नेमक्या 78 च्या वेगानेच मुद्रित झाल्या होत्या असं नाही. डिजिटल प्रत करताना वेग कोणता धरला यावर पट्टी बदलते, आणि त्याच गाण्याच्या दोन प्रती अर्ध्या सुराने वेगळ्या असू शकतात. 'आवाज पातळ वाटला' असं कुणी लिहिलं असेल तर आधी कोणती प्रत ऐकली ते बघावं.

नावांची सरमिसळ हा आणखी एक ताप. एकाच नावाचे दोन सतारवादक एका पानावर आणि भजनवाले तिसरे बुवा त्यातच. गाण्यापुढच्या तीन ठिपक्यांतून 'क्रेडिट्स' उघडा. तबल्याला कोण, संवादिनीला कोण हे दिलेलं असेल तर बहुधा खरं. नुसतं एक नाव, वादक नाहीत, ध्वनिमुद्रक नाही आणि दोन महिन्यांत तीन अल्बम, असं दिसलं तर थांबा. 2025 च्या जून-जुलैत 'द वेल्वेट सनडाउन' नावाच्या बँडला स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते झाले, आणि मग हे संगीत एआयने केलेलं असल्याचं त्यांच्याच पानावर लिहून आलं. त्या पानावर नीट श्रेयनामावली नव्हती, हे फार थोड्यांनी आधी पाहिलं.

इतकी व्यवस्था लागली की शुक्रवारी तुमच्यापुढे पंधरा-वीस नावं येतील. सगळी ऐकायची नाहीत. आठवड्याच्या आकड्याची एक प्लेलिस्ट करा, '2026-आठवडा 14' अशी, आणि जे ऐकावंसं वाटेल ते फक्त तिथे टाका. चार आठवडे हात लागला नाही तर ती प्लेलिस्ट पुसून टाका, हळहळायचं नाही. खरंच चांगलं असेल तर ते डिसेंबरच्या वार्षिक याद्यांतून परत समोर येतं. त्या याद्यांतले पहिले दहा अल्बम सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतात, माझा रस 30 ते 50 या क्रमांकांत असतो. संपादकांनी भांडून घुसवलेली नावं तिथे सापडतात.

वेळेचा हिशेबही करून टाका. अल्बम सरासरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा. सांगली ते कोल्हापूर एसटीचा प्रवास म्हणजे एक अल्बम आणि वर पाऊण. आठवड्याला तीन तास असतील तर त्यात एक नवा अल्बम पूर्ण, मागच्या आठवड्यातला एक दुसऱ्यांदा, आणि एक जुना, हक्काचा. दुसऱ्यांदा ऐकणं गाळलंत तर बाकीची व्यवस्था फुकट आहे. पहिल्या खेपेला आपण नवेपणा ऐकतो, गाणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ऐकू येतं.

पंधरा नावांतून एक काढायचं कसं? मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यात व्यापारी पोत्याच्या तोंडावरचा माल बघून बोली लावत नाही. आत हात घालतो, मधलं हळकुंड काढतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. अल्बमचंही तेच. स्ट्रीमिंगमध्ये गाणं 30 सेकंद वाजलं की मोजलं जातं, आणि ऐकणारे जसजसे पुढे जातात तसतसे गळतात. म्हणून बांधीव, झटकन पकडणारी गाणी पुढे मांडतात आणि त्यातली तीन-चार आधीच सुटी प्रकाशित झालेली असतात. तोंडावरचा माल तो हाच. मी आधी यादीतलं सर्वांत लांब गाणं पूर्ण ऐकतो, मग उत्तरार्धाचं पहिलं, मग शेवटचं. दहा-बारा मिनिटांत कळतं. लांब गाण्यात कल्पना पुरली का, उत्तरार्धात दमछाक झाली का, आणि शेवट नुसता संपला की केलाय. तीनपैकी दोन ठिकाणी कान टवकारले तर अख्खा अल्बम, पहिल्यापासून, ओळीने. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर, आवाजाची समपातळी (सगळी गाणी सारख्याच जोराने वाजवणारी सोय) चालू. ही समपातळी बंद असली की जो अल्बम जोरात मुद्रित केलाय तोच कानाला उगाच 'चांगला' वाटतो.

आता परीक्षणांकडे. आकडा इतका फसवा का, याची कारणं साधी आहेत. एक तर जागा थोडी आणि अल्बम फार, त्यामुळे वाईटावर शाई कुणी घालवत नाही. छापून येतं ते आधीच निवडलेलं असतं, म्हणून 10 पैकी 7 हा प्रत्यक्षात मधला शेरा आहे. तुम्ही त्याला फर्स्ट क्लास समजता. मेटाक्रिटिकसारख्या ठिकाणी तर कुणाचे तारे, कुणाची अक्षरं, कुणाचे दशांश एका मापात बसवून, कोणत्या प्रकाशनाला किती वजन द्यायचं ते ठरवून सरासरी काढतात. त्या सरासरीत एकाने हरखून लिहिलेलं आणि दुसऱ्याने कंटाळून लिहिलेलं एकमेकांत विरघळतं, आणि नेमकं तेच तुम्हाला हवं असतं.

दुसरं कारण वेळ. शुक्रवारी सकाळीच छापून येणारं परीक्षण आगाऊ मिळालेल्या प्रतीवर लिहिलेलं असतं. ती प्रत दोन-तीन आठवडे आधी मिळाली असेल तर उत्तम. पण मोठी नावं अल्बम आधीच फुटेल या भीतीने आगाऊ काही देत नाहीत, किंवा अल्बम अचानक टाकतात. बियॉन्सेने डिसेंबर 2013 मध्ये पूर्वसूचना न देता अल्बम आणला, त्यानंतर ही प्रथाच पडली. तशा अल्बमवर चोवीस तासांत आलेलं लिखाण म्हणजे पहिल्या खेपेची प्रतिक्रिया, तिला निवाडा म्हणू नका. पिचफोर्क या संगीत परीक्षणांच्या अमेरिकी संकेतस्थळाने 2021 मध्ये आपल्याच 19 जुन्या परीक्षणांचे आकडे बदलले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'ला 2001 मध्ये 6.4 दिले होते, ते 10 केले. लिझ फेअरच्या 2003 च्या अल्बमचा 0.0 हा 6 वर नेला. यावरून ते लबाड ठरत नाहीत. आकडा त्या दिवसाचा असतो, एवढंच. म्हणून मी तीन आठवड्यांनंतर आलेलं एक परीक्षण पहिल्या दिवशीच्या पाचांपेक्षा वरचं मानतो.

मग भरवसा कुणावर? प्रकाशनावर ठेवू नका, लिहिणाऱ्या माणसावर ठेवा. आणि तोही तपासून. स्वतःला कोळून पाठ असलेले दहा अल्बम कागदावर लिहा. चार जिवापाड आवडते, तीन मुळीच न आवडलेले, आणि तीन असे की जे आधी आवडले नव्हते पण वर्षभराने चढले. आता एका समीक्षकाने त्यांबद्दल काय लिहिलंय ते शोधा. दहाच्या दहा मिळणार नाहीत, सहा मिळाले तरी चालतात. प्रत्येकापुढे 'जुळलं', 'उलट' किंवा 'संबंध नाही' लिहा. बहुतेक जुळली तर माणूस तुमचा. बहुतेक उलट निघाली तरी तितकाच कामाचा, कारण त्याने नाक मुरडलं की तुम्ही खुशाल ऐकायला घ्यायचं. निम्मी-निम्मी विभागणी झाली तर त्याचं लिखाण भाषेसाठी वाचा, निवडीसाठी नको. शेवटचे तीन अल्बम सगळ्यांत बोलके. हळूहळू चढणारं संगीत ज्याला पहिल्याच आठवड्यात ओळखता आलं, तो माणूस जपावा. 'द नीडल ड्रॉप' या यूट्यूब वाहिनीवाल्या अँथनी फँटानोसारख्या व्हिडिओ समीक्षकांनाही हीच कसोटी लावा. तिथे तर चेहऱ्यावरचे भावसुद्धा पंचनाम्यात धरता येतात. असे तीन-चार जण सापडले की पुरे.

पंचनामा म्हणून वाचायचं म्हणजे काय, ते एका नमुन्यावर बघू. समजा परीक्षणात असं लिहिलंय: "उत्तरार्धात लय बसते, बासरीचे तुकडे गरजेपेक्षा लांबलेत, शब्द मागे पडतात. शेवटच्या दोन गाण्यांत ढोलकी आणि सिंथची जोडी जमून येते. 6.5." यात 'गरजेपेक्षा' आणि 6.5 हा निकाल. तो खोडा. उरतं काय? मंद लय, लांब बासरी, शब्द मागे, शेवटी ढोलकी. रात्री दिवा मालवून ऐकायला तुम्हाला हेच हवं असेल तर ही शिफारस झाली, तीही 8.5 पेक्षा पक्की. आता दुसरा नमुना: "काळजाला हात घालणारा, मातीचा गंध घेऊन येणारा एक सुरेल प्रवास." विशेषणं खोडली तर कागद कोरा. वाद्य नाही, लय नाही, एका गाण्याचं नाव नाही. लिहिणाऱ्याने अल्बम ऐकला असेलही, पण तसा पुरावा नाही.

असलं वाक्य बहुधा प्रसिद्धिपत्रकातून आलेलं असतं. खात्री करायची तर त्यातले सलग सात-आठ शब्द अवतरण चिन्हांत घालून शोधा. तीन संकेतस्थळांवर तेच शब्द निघाले की समजा, पत्रकच उतरवलंय. आपल्याकडे चित्रपटाच्या संगीत अनावरणाच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या बातम्यांत हे सर्रास दिसतं. परदेशात सबमिटहबसारख्या सेवांतून कलाकार पैसे भरून ब्लॉगवाल्यांकडे गाणं पाठवतात. पैसे ऐकण्याचे असतात, स्तुतीचे नव्हे, तरी वाचणाऱ्याला हे ठाऊक असावं. यूट्यूबवर व्हिडिओच्या सुरुवातीला सशुल्क प्रचाराची पट्टी येते, तीही बघा.

लोकांनी दिलेल्या मतांत सरासरी बघू नका, विभागणी बघा. पहिल्या दोन दिवसांत मत देतात ते भक्त आणि वैरी. तेव्हा आलेख दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खड्डा असा असतो. महिन्याभरात मधला ढीग वाढला की मत विश्वासार्ह. श्रोतेच गुण देतात त्या 'रेट युअर म्युझिक' संकेतस्थळावर लोक हात आखडून देतात, तिथे 5 पैकी 3.7 हा मोठा मान. मात्र त्या गर्दीचा ओढा रॉक, मेटल, हिपहॉपकडे आहे. ख्यालाच्या अल्बमवरची मतं तिथे मोजकी, त्यांवरून काही ठरवू नये.

ख्यालाच्या परीक्षणासाठी माझी कसोटी कडक आहे. राग, बंदिशीचे बोल, ताल, विलंबित किती मिनिटं आणि द्रुत किती, साथीला कोण, मैफल की स्टुडिओ. यातलं निम्मंही नसेल तर पुढे वाचत नाही. आपल्या भागातल्या श्रोत्याला हे सांगायला नको, पण छापील जागेत हल्ली हेच गळतं.

एक गोष्ट ऐकण्याच्या साधनाची. परीक्षणात ध्वनिमुद्रणाबद्दल काही लिहिलं असेल आणि तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल, तर तुमचं आणि त्याचं जुळणारच नाही. काळी एकच्या पट्टीत तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा चिमुकला स्पीकर तिथपर्यंत उतरत नाही, तुम्हाला ऐकू येतात ते त्याच तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी कशी लागलीय हे ज्यावर कळतं, असा हेडफोन हवा. तारांखाली फिरणारी ती रेशमी गुणगुण तबला सुरू झाल्यावरही ऐकू येत असेल तर साधन पुरेसं आहे. त्यावर आणखी पैसे घालायची घाई नको.

राहिली एलपी. तुमची फसगत इथे दुहेरी झालीय. परीक्षण संगीताचं वाचलंत आणि पैसे छपाईचे मोजलेत. स्ट्रीमिंगवर तीनदा पूर्ण ऐकल्याशिवाय तबकडी मागवायची नाही, हा पहिला नियम. आवडलं तर मग तबकड्यांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर त्याच अल्बमची तीच आवृत्ती शोधायची. देश, साल, कॅटलॉग क्रमांक आणि लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक, हे सगळं जुळलं पाहिजे. त्या पानाखालच्या शेऱ्यांत छपाईबद्दल लिहिलेलं असतं, ते वाचा. एकाच अल्बमची एक छपाई स्वच्छ आणि दुसरी खरखरीची, असं नेहमी होतं.

तबकडी हातात पडली की परतीची मुदत संपायच्या आत दोन्ही बाजू पूर्ण वाजवा. फिरत असताना डोळे तिच्या पातळीला आणून कड बघा. किंचित लाट चालते, सुई उड्या मारत असेल तर परत. एका बाजूच्या स्पीकरमधून चेन ओढल्यासारखी 'झर्र' येत असेल, तर खाचेत प्लास्टिक नीट भरलेलं नाही. धुऊन ते जात नाही. आणि भोक मध्यावरून सरकलंय का, हे सलग लांबवलेल्या सुरावर कळतं. पियानोचा शेवटचा स्वर किंवा आलापामागचा तानपुरा ऐका. दर पावणेदोन-दोन सेकंदांनी सूर वर-खाली डुलत असेल, तर ती तबकडी तशीच खोक्यात घाला आणि पाठवून द्या.